व्हिडिओ पायरसी, स्वामित्वहक्क आणि मराठवाडा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ साली संमत होऊन २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्या वेळी नांदेड हा द्विभाषिक मुंबई राज्यातील जिल्हा, तर लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता. या कायद्याने कोणाचे रक्षण केले व कोणास शिक्षा केली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कॅसेटचे युग :
ग्रामोफोन तबकडीची नक्कल करण्यास कारखाना लागे. कॅसेटची नक्कल मात्र दोन टेपरेकॉर्डरवर होऊ लागली. म्हणून १९८४ च्या दुरुस्तीने कमाल कारावास एका वर्षावरून तीन वर्षांवर नेला. व्हिडिओ कॅसेटवर हक्कधारकाचे नाव छापणेही बंधनकारक झाले. तथापि गायक व वादकाला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळण्यास १९९४ ची दुरुस्ती यावी लागली. तोवर भारूड, गोंधळ वा जलसा सादर करणाऱ्या मराठवाड्यातील कलावंताचा आवाज कॅसेटवर विकला गेला, तरी त्या सादरीकरणाचा हक्क कायद्याने त्यास दिलेला नव्हता.

राज्याचा कायदा :
महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींना स्थानबद्ध करणाऱ्या १९८१ च्या कायद्यात २००९ साली 'व्हिडिओ पायरेट्स' हा वर्ग समाविष्ट केला. तामिळनाडूने असे पाऊल २००४ मध्येच उचलले होते. या कायद्यान्वये खटला न चालविता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता शक्य आहे. नांदेड व लातूर येथे पोलीस आयुक्तालय नसल्याने हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत वापरला जातो. मूळ प्रत बाहेर काढणारा बहुधा महानगरात असतो. गावात सापडतो तो सीडी विकणारा किंवा मेमरी कार्ड भरून देणारा दुकानदार. मादक द्रव्यांच्या गुन्हेगाराशेजारी त्यास बसविणे प्रमाणबद्ध आहे काय, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो.

निष्कर्ष :
पायरसीमुळे निर्मात्याचे नुकसान होते, हे निर्विवाद. २०२३ च्या चलचित्र दुरुस्ती कायद्याने चोरून चित्रीकरणास तीन महिने ते तीन वर्षे कारावास ठेवला आहे. परंतु या इतिहासात शिक्षेची कठोरता आधी वाढली आणि कलावंताचा हक्क मागाहून आला. शाहिराच्या सादरीकरणाची नोंद, लेखी करार व मानधन यांची व्यवस्था जिल्हा पातळीवर उभी राहिल्याशिवाय स्वामित्वहक्क हा प्रामुख्याने कंपन्यांचाच हक्क राहील, असे प्रस्तुत लेखकास वाटते.