चार दिवस आणि सेहेचाळीस वर्षे

हिंगोलीत वाढलेल्या माणसाला छावणी ऐकून माहीत असते. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी कंटिंजंट फौज इथे राहत असे. १९०३ मध्ये छावणी उठली. त्या पलटणींच्या लढाया इंग्रजांनी लिहून ठेवल्या. शिपायांचे संसार कोणी लिहिले नाहीत. सैनिकाचे घर शोधायचे तर कुठे, या प्रश्नाने मी मेजर राम राघोबा राणे यांच्यापाशी आलो.

राणे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलिसात. १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. पुढच्याच एप्रिलात नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांना वाट करून देण्याचे काम त्यांच्याकडे आले. ८ एप्रिलला सुरुंग काढतानाच तोफगोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यांत राणेही होते. तरी काम थांबले नाही. रात्री दिव्याशिवाय वळणरस्ता खणला. १० तारखेला चिडाची पाच मोठी झाडे आडवी टाकून, भोवती सुरुंग पेरून केलेला अडथळा दोन तासांत मोकळा केला. ११ तारखेला सतरा तास काम. रणगाड्याखाली सरपटत जाऊन, दोरीने चालकाला खूण करीत त्यांनी सुरुंग काढले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. मला तीत शौर्याइतकाच त्या न दिसणाऱ्या चालकावरचा विश्वास दिसतो. एक चूक, आणि रणगाडा अंगावर!

त्या दिवसांत आमची हिंगोली निजामाच्याच राज्यात होती. रझाकारांच्या धाकात माणसे गाव सोडत होती. भारतीय फौज आमच्याकडे यायला आणखी पाच महिने होते.

१९४७-४८ च्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी तिघांना पदक मरणोत्तर मिळाले. करमसिंग आणि राणे जगले. राण्यांचे लग्न तर पदकानंतरचे, १९५५ चे, पत्नी राजेश्वरी. म्हणजे ज्याला आपण वीर म्हणून ओळखतो, त्याचा संसार त्या चार दिवसांनंतर सुरू झाला. १९५८ मध्ये मेजर म्हणून निवृत्ती, मग पुनर्नियुक्ती, थेट १९७१ पर्यंत. ११ जुलै १९९४ ला पुण्यात निधन. १९८४ मध्ये त्यांच्या नावाचे तेलवाहू जहाज समुद्रात उतरले, तेव्हा ते हयात होते. आपल्या नावाचे जहाज आहे हे ठाऊक असलेला माणूस सकाळी भाजी आणायला जाताना काय विचार करीत असेल? पुढे कारवारच्या किनाऱ्यावर पुतळा झाला, २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला नाव मिळाले. चार दिवसांचा तास-न्-तास हिशेब गौरवपत्रात आहे. नंतरची सेहेचाळीस वर्षे चार ओळींत संपतात.

असे का होते, हे मला घरीच कळले. माझे चुलत आजोबा फौजी. लहानपणी मी त्यांना "दादा, गोळी लागली का हो कधी?" एवढेच विचारी. ते गेल्यावर त्यांची काळी ट्रंक माझ्याकडे आली. तिच्यात डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, पलटणीचा फोटो. घरचे एकही पत्र नाही. आजीला लिहिता येत नव्हते. ती सांगे आणि शाळेचे मास्तर लिहीत. मास्तरांसमोर तिने खुशालीपलीकडे काय सांगितले असणार?

आता आजीही नाही.