खुराड्यातले नवे भिडू

कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, जुन्या कोंबड्यांमध्ये नवीन तलंगा (म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या) सोडल्या की काय होतं? मारामारी! दाण्यापाशी गेली की टोच, पाण्यापाशी गेली की टोच. ही नुसती खुन्नस नाही, त्यामागे हिशोब आहे, हे नीट मांडलं ते नॉर्वेच्या थॉर्लाइफ शेल्देरुप-एब्बेने (जन्म १८९४). यापुढे नुसतं एब्बे म्हणतो, जीभ वळत नाही.

हा गडी लहानपणापासून कोंबड्यांच्या मागे. कोण कुणाला टोचतं ते लिहून ठेवायचा. १९२२ साली त्याचा जर्मन भाषेतला लेख आला. म्हणणं असं की दर दोन कोंबड्यांमध्ये एक वरचढ ठरलेली असते. एकदा ठरलं की खालची निमूट बाजूला होते, भांडण मिटलं. आपण ऑफिसात 'पेकिंग ऑर्डर' म्हणतो ना, ते इथून आलं. गंमत म्हणजे ही उतरंड दरवेळी सरळ नसते. कधीकधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला!

खुद्द एब्बेचं मात्र विद्यापीठात जमलं नाही. तिथल्या क्रिस्टीन बोनेवी, १९१२ साली नॉर्वेच्या पहिल्या महिला प्राध्यापक झालेल्या, त्यांच्याशी त्याचं बिनसलं. नॉर्वेत त्याला डॉक्टरेट मिळालीच नाही. चूक कुणाची, तो वेगळा विषय.

असो. आता हिशोब बघा. १० कोंबड्यांच्या ४५ जोड्या, सगळ्यांचा निकाल लागलेला. त्यात ४ तलंगा टाकल्या की नुसत्या जुन्या-नव्यांमध्येच एका फटक्यात ४० नवे निकाल बाकी! आणि तलंगा अंगाने लहान, तुराही छोटा, म्हणजे बहुतेक सामने हरणारच.

१९४४ साली गुल आणि ॲली या अमेरिकन संशोधकांनी याची किंमत मोजली. एका गटात कोंबड्या सतत बदलत ठेवल्या, दुसरा गट तसाच ठेवला. सतत बदलणाऱ्या गटात टोचाटोची जास्त, खाणं कमी, अंडीही कमी. (रीऑर्ग करणाऱ्यांनी वाचावं, एवढंच म्हणतो.)

म्हणून जाणकार एकटी तलंग कधी सोडत नाहीत, दोन-चार एकदम सोडतात, म्हणजे मार वाटला जातो. त्याआधी काही दिवस मध्ये जाळी लावायची. दिसायचं सगळं, पण चोच पोचत नाही. आणि दाण्याची भांडी दोन-तीन, एकमेकांपासून लांब. जुनी कोंबडी एका भांड्यावर पहारा देत बसली, तरी तलंगा दुसऱ्यावर पोट भरतात.