अॅडोनिसच्या बागा

गच्चीवर कुंड्यांतून भाजी लावणें ही आधुनिक हौस समजली जाते. परंतु इ. स. पूर्व ५ व्या शतकांतच अथेन्समधील स्त्रिया फुटक्या मडक्यांत लेट्यूस व बडीशेप पेरून तीं घराच्या छपरांवर ठेवीत. उथळ मातींतले अंकुर झपाट्यानें वाढत आणि उन्हानें तितक्याच लवकर करपत. मग अकालीं मृत्यू पावलेल्या अॅडोनिसचा शोक करून त्या तीं पाण्यांत टाकीत. पुढें प्लेटोनें ‘फीड्रस’ संवादांत या बागांना खेळ ठरविलें: शहाणा शेतकरी ८ दिवसांच्या शोभेवर न भुलतां ८ महिन्यांनीं येणाऱ्या पिकावर संतुष्ट असतो! पण नवरात्रांत घट बसविणाऱ्या आपल्या गृहिणीस धान्याचें माप कोण विचारतो? ज्या पेरणीचें प्रयोजनच शोक, ती पिकाच्या तराजूंत तोलणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.