सहा जणांचा फड

गेल्या वर्षी मी ‘विझर्ड्री’ हा व्हिडिओ गेम खेळायला बसले आणि अनुवादकाच्या खोडीप्रमाणे पहिल्याच पडद्यावर एका शब्दाशी अडले. खेळ १९८१चा, २०२४ साली नव्या चित्रांनिशी पुन्हा आलेला. शब्द ‘पार्टी’. मराठीत पार्टी म्हणजे एक तर राजकीय पक्ष, नाही तर कुणाच्या बढतीचं जेवण. टोळी म्हणावं तर दरोडेखोर आठवतात, चमू म्हटलं की वर्तमानपत्राचं क्रीडा पान. शेवटी मी मनाशी ‘फड’ ठरवला. फडात ढोलकीवाला लागतो, सोंगाड्या लागतो. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही आणि एक आजारी पडला की खेळ अडतो.

हा फड मुळात खऱ्या माणसांचा होता. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, तेव्हा चार-सहा मित्र टेबलाभोवती बसत आणि प्रत्येक जण आपापलं एक पात्र सांभाळी. तीन फासे टाकून ताकद, बुद्धी, चपळाई ठरायची. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकजाळ्यावर १९७७मध्ये ‘उब्लिएट’ आला, त्यातही वेगवेगळ्या टर्मिनलवर बसलेली माणसं एकत्र येऊन भुयारात उतरत. म्हणजे पडदा मध्ये आला, तरी सोबतीला माणसंच होती.

घरगुती संगणकाने ती सोबत काढून घेतली. अ‍ॅपल टू घरी आला खरा, पण त्याच्यासमोर माणूस एकटाच बसणार. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी ‘विझर्ड्री’त यावर जो तोडगा काढला, तो मला आजही थोडा उदास वाटतो: मित्र नसतील तर सहाही जण तूच निर्माण कर. (दोघांनी आपली नावं उलटी लिहून खेळातला दुष्ट जादूगार वेर्डना आणि वेडा राजा ट्रेबोर केले. ही विद्यार्थ्यांची थट्टा मला फार आवडते.)

पात्र घडवणं म्हणजे मुख्यतः टंचाईचा हिशेब. वंश निवडायचा, मग वृत्ती: सज्जन, तटस्थ किंवा दुष्ट. सज्जन आणि दुष्ट पानगृहात एका फडात बसत नाहीत. त्या पानगृहाचं नाव गिल्गमेशवरून आहे. अमरत्व शोधत भटकलेल्या राजाचं नाव अशा ठिकाणाला द्यायचं म्हणजे कमाल आहे. मग हाती काही गुण येतात, बहुधा पाच ते दहा, आणि ते ताकद, बुद्धी, श्रद्धा, जीवट, चपळाई आणि नशीब यांत वाटायचे. पुढच्या रांगेतले तिघे तलवार चालवणार, मागचे तिघे मंत्र म्हणणार. चांगले गुण पडेपर्यंत लोक तासन्‌तास पात्रं बनवतात आणि खोडतात. आणखी एक जुनी युक्ती आहे: नवीन पात्र जन्माला घालायचं, त्याचे पैसे काढून घ्यायचे आणि त्याला पुसून टाकायचं. मीही चौघांना पुसलं. चौथ्याला नाव देताना हात जरा अडखळला.

जपानमध्ये १९८५ साली या खेळाचं भाषांतर झालं आणि तिथे एक गंमत झाली. मूळ खेळात ‘कुझिनार्ट’ नावाची तलवार आहे. अमेरिकी वाचकाला ते स्वयंपाकघरातल्या कापणी-यंत्राचं नाव म्हणून लगेच कळतं आणि तो हसतो. जपानी वाचकाला मात्र कुझिनार्ट म्हणजे कुणी थोर लोहार वाटला, आणि तलवार गंभीर झाली. चूक म्हणावी तर त्या चुकीला एक वजन आहे. ‘विझर्ड्री’चा चाहता असलेल्या युजी होरी याने ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये १९८६ला एकटाच नायक दिला, दुसऱ्या भागात तयार सोबती दिले आणि १९८८च्या तिसऱ्या भागात कुठे खेळाडूला पानगृहात जाऊन स्वतःचे साथीदार घडवू दिले. नवख्याला फड एकदम झेपत नाही, हे त्याने ओळखलं होतं.

मला कुणी ओळखलं नाही. मी सहा जणांना घरातली नावं दिली. पुढे अक्का, माई आणि एक मामा; मागे अण्णा, म्हणजे माझे वडील, जादूगार. आयुष्यात कुणावर हात न उगारलेल्या माणसाला पुढच्या रांगेत कसं उभं करणार? गुण वाटताना बुद्धीला भरपूर दिले, जीवटाला काही उरलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर अण्णा मेले. मूळ ‘विझर्ड्री’त झालेली गोष्ट लगेच डिस्कवर लिहिली जायची, मागे फिरायची सोय नसे. ती शिस्त पाळायची, असं मी आधीच ठरवलं होतं. देवळात पैसे भरून मेलेल्याला उठवता येतं, पण ते जमेलच असं नाही, आणि जीवट कमी असेल तर धोका जास्त. जमलं नाही, तर त्याची राख होते. राखेवर पुन्हा प्रयत्न करता येतो. तोही फसला, तर नाव यादीतून कायमचं जातं.

पहिला प्रयत्न फसला. पडद्यावर आलेल्या शब्दाला मराठीत काय म्हणावं, याचा मी बराच वेळ विचार करत बसले. राख चुलीचीही असते. अस्थी म्हटलं की नदी आली. रक्षा म्हणावं, तर त्याच अक्षरांत राखणही आहे.

दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे जमून महिना झाला. पाच जण पानगृहात बसून आहेत, आणि मी अजून देवळात गेलेले नाही.