कानपिळ्याचा मान आणि जबलपूरचा संगमरवर

मराठी लग्नात नवरदेवाच्या मित्रांना वेगळे नाव नाही. मान असतो तो नात्यातल्या माणसांना. लाजाहोमाच्या वेळी वधूचा भाऊ वराचा कान पिळतो आणि त्या कानपिळ्याला वराकडून कापड किंवा पागोटे मिळते. असे रिवाज जबलपूरपर्यंतही पोहोचले. १७८१ मध्ये हे शहर मराठ्यांच्या ताब्यात आले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतले. नर्मदाकाठी स्थिरावलेल्या मराठी घरांबरोबर आहेर-मानपानाचे रिवाजही तिथे गेले.

आहेराच्या वस्तूवर नाव घालणे ही त्यातली फार जिव्हाळ्याची रीत. आधी पितळेच्या, मग स्टीलच्या भांड्यावर ‘सप्रेम भेट’, देणाऱ्याचे नाव आणि लग्नाची तारीख येई. छिन्नीचे ठोके जवळजवळ पडत, ठिपक्यांतून अक्षर उमटे. पुढे विजेचे यंत्र आले आणि रेघ सलग झाली. वर्षानुवर्षे घासूनही वाटीच्या काठाखाली मामाचे नाव वाचता येते.

नाव घातलेल्या भेटीसाठी जबलपूरला आणखी एक साधन हाताशी आहे. शहराजवळच्या भेडाघाटचे कारागीर मऊ संगमरवरी दगडाच्या मूर्ती, डब्या घडवतात आणि मागणीप्रमाणे त्यांवर नावही कोरून देतात. आता मित्रांसाठी भेट निवडणाऱ्या नवरदेवाला याहून अस्सल स्थानिक वस्तू क्वचितच सापडेल.