फाटकाखालून जाणारी सायकल

गोंदिया जंक्शनवरून नागपूर, दुर्ग, जबलपूर आणि बल्लारशा अशा चार दिशांना रूळ जातात. त्यामुळे रेल्वे फाटकावर कधी खोळंबला नाही असा माणूस इथे सापडणे कठीण. फाटक पडले की मोटारी थांबतात, ट्रॅक्टर थांबतात. सायकलवाला मात्र उतरतो, सायकल जवळजवळ आडवी करतो, आधी हँडल दांड्याखालून काढतो, मग कॅरिअरवरची पिशवी सांभाळत मागचे चाक ओढून घेतो, दोन्हीकडे मान वळवून बघतो आणि पलीकडे जातो. रेल्वेच्या हद्दीत असे शिरल्याबद्दल 1989च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला कलम ठाऊक नसेल. पण आपण करतोय ते चालत नाही, एवढे नक्की ठाऊक असते.

वाहतूक-वर्तनाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी आधी इथेच थांबवीन. नियम मोडणारा अडाणी किंवा बेशिस्त, ही आपली आवडती समजूत. तिच्यावर विसंबले की अभ्यास संपतोच. दोन्हीकडे मान वळवणाऱ्याने काही हिशेब केलेला असतो. तो हिशेब कशाकशाचा, हा आपला विषय.

एक बाब अंगमेहनतीची. बर्कली विद्यापीठातल्या जोएल फाजन्स या भौतिकशास्त्रज्ञाने मेलनी करी यांच्यासोबत 2001 मध्ये सायकलस्वारांना थांबण्याच्या पाट्यांचा राग का येतो, यावर लेख लिहिला. थांबलेली सायकल पुन्हा वेगात आणायला दर वेळी पायांचीच ताकद खर्चावी लागते. कॅरिअरवर धानाचे पोते असलेल्याला हे समजायला बर्कलीला जावे लागत नाही. अमेरिकेतील आयडाहो राज्याने 1982 सालीच सायकलस्वारांना अशा पाटीपाशी पूर्ण न थांबता, इतरांना वाट देऊन पुढे जाण्याची मुभा दिली.

आपल्याकडे 1988चा मोटार वाहन कायदा सायकलला मोटार वाहन मानत नाही. परवाना नाही, नंबर नाही. म्हणून सायकल कायद्याबाहेर आहे असे नव्हे. दिवा नाही, डबलसीट आहे म्हणून हवालदाराने चाकाची हवा सोडल्याचे किस्से जुन्या पिढीकडे भरपूर मिळतील. (अभ्यासकाने ते जरूर गोळा करावेत.)

दुसरी बाब जिवाची. मार्शल, पिएट्कोव्स्की आणि जॉन्सन यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत मोटारचालकांनी नियम मोडण्याचे मुख्य कारण वेळ वाचवणे हे दिले, तर सायकलस्वारांनी स्वतःची सुरक्षितता. निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या कारणांवर उभा आहे, आणि स्वतःबद्दल सांगताना कोण हात आखडता घेतो?

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीजवळच्या महामार्गावर सुरक्षिततेच्या या कारणाची कसोटी लावून बघावी. दुभाजक असलेल्या रस्त्यावर पलीकडच्या बाजूने जायचे तर भरधाव ट्रकांतून रस्ता ओलांडा, वळण येईपर्यंत जा आणि पुढे पुन्हा ओलांडा. त्यापेक्षा कडेकडेने राँग साइडने जाणे सायकलवाल्याला शहाणपणाचे वाटते. उलट अमेरिकेतील पालो आल्टो शहरातील 1994च्या अभ्यासात उलट दिशेने येणाऱ्या सायकलस्वारांना चौकांत धोका जास्त असल्याचे दिसले, कारण वळणाऱ्या मोटारचालकाची नजर त्या बाजूला नसते. मला सायकलवाल्याचे म्हणणे पटते, फक्त जोडरस्ता येईपर्यंत.

आणि काही वेळा हिशेब यातला कुठलाच नसतो. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळेत जाणाऱ्या मुली तिघी-तिघी शेजारीशेजारी जातात, कारण एकीमागे एक गेले तर बोलता येत नाही. या कारणाला प्रश्नावलीत बहुधा रकाना नसतो. तेव्हा नव्या अभ्यासकाने प्रश्नावली करण्याआधी शाळा सुटण्याच्या वेळी एखाद्या गावरस्त्यावर उभे राहावे, आणि ती छापताना शेवटच्या प्रश्नाखाली चार ओळी कोऱ्या सोडाव्यात.