कार्यालयीन अंतर्गत रचनेचा प्रकल्प-अभ्यास

व्यावसायिक इमारतीतील रिकाम्या गाळ्यात पार्टिशन, वीज, वातानुकूलन व फर्निचर यांची कामे करून कार्यालय कसे उभारले, याची साधार नोंद म्हणजे कार्यालयीन अंतर्गत रचनेचा प्रकल्प-अभ्यास होय. त्यात चटई क्षेत्र, कर्मचारीसंख्या, कालावधी, अंदाजित व प्रत्यक्ष खर्च आणि अग्निसुरक्षा यांचा तपशील असतो. छायाचित्रांतून रचना दिसते, परिणाम कळत नाही. त्यासाठी कामापूर्वीची स्थितीही नोंदवावी लागते.

एथन बर्नस्टाइन व स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दोन कंपन्यांच्या मुख्यालयांत खुल्या रचनेपूर्वीचा व नंतरचा संवाद मोजला होता. अशा रचनेने संवाद वाढतो, हा समज रूढ होता. प्रत्यक्षात समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला. आधीची नोंद नसती, तर ही घट मोजताच आली नसती.